मानस

आमच्या अगरवाड्याला
खाडीच्या बांधात जे लाकडी दार असतं
त्याला मानस म्हणतात.
भरती चढली की आपोआप मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं.
माणसाने नुसतं लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवणारा माझा बाप, पुरसो.
दर वर्षी पावणीत बोली लावून मानस घ्यायचा,
रात्री ओहोटीला जाळं बांधून सुंगटं धरायचा,
आणि सुंगटं कमी आली
की मला.

मारत नसे फारसं.
मानशीवरच्या खोपीत घालून
बाहेरून कडी लावायचा
आणि फटीला तोंड लावून
अगदी हळू, झोपवताना बोलतात तसं, म्हणायचा :
'तूं आयलो आनी ती गेली.'
मी सात वर्षांचा.
खाली पाणी फळ्या चाटत होतं.

बाविसाव्या वर्षी म्हापशाच्या स्टँडवर,
हातात शेवंतीसाठी घेतलेली मिरच्यांची माळ,
कानाशी कुणीतरी बोललं.
आजूबाजूचे वळून बघायला लागले
कारण मी उत्तर दिलं.
दचकलो मात्र नाही.
ओळखीचा होता.

गावात म्हणतात, म्हाबळो पहिल्यापासूनच असा.
लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारा,
कुणाचा पाय आपल्या पायावर पडला
तरी आपणच माफी मागणारा.
'त्याचो स्वभावच तसो.'
मी हा स्वभाव शोधत असतो.
बांध फुटून खारं पाणी शिरलं
की तीन तीन वर्षं शेत काही देत नाही;
चौथ्या वर्षी कुणी कसं सांगावं
माती मुळातली कशी होती?

गोळ्यांनी आवाज गेले.
शेवंतीने देवाला नारळ ठेवला, शेजाऱ्यांना गूळखोबरं दिलं.
मागे काय राहिलं ते कुणी पाहिलं नाही.
मागे राहिला चिखल,
आणि त्यात गुडघ्यापर्यंत मी.
पहाटे पोदेराचा भोंगा ऐकू येतो,
काकणं घ्यायला उठायचं असतं.
तो सड्याकडे जातो. परत येतो.
चहावर साय धरते.
दात घासायचा ब्रश
न्हाणीत आहे, आणि न्हाणी
पेडण्याहून लांब.
याला आळस म्हणतात. मीही म्हणतो.

महिन्यातून एकदा बांबोळी.
अकरा वर्षं तीनच प्रश्न :
आवाज येतात? झोप लागते? गोळ्या घेतोस?
नाही. हो. हो.
यंदा नवी डॉक्टर होती, बार्बोझा,
केस अजून ओले, टेबलावर फणसाच्या चिप्सची पुडी.
तिच्याकडे छापील कागद होता,
प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन,
'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत.
'घरातलं कुणी तुला नकोसा म्हणायचं?'
मी विचारलं, कितव्या वर्षी?
तिने पेन खाली ठेवलं.

मग मी सांगितलं.
खोप, कडी, फट.
आणि तेही, की एका रात्री त्याने कडी काढली,
मला खांद्यावर घेतलं,
आणि बांधावरून घरापर्यंत
बेडकांचे आवाज काढत हसवत आणलं.
याला कुठला चौकोन?
तिला माहीत नव्हतं.
तिने कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं,
मी उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

बाप आता पलीकडच्या खोलीत असतो.
दोन वर्षांमागे वारं गेलं अंगावरून,
उजवी बाजू गेली, वाचा गेली.
आता त्याचा आवाज
फक्त माझ्याकडे आहे.

शेवंती सासरी. त्याला भरवायचं मीच.
चमचा तोंडाशी नेतो,
तो माझ्याकडे बघतो,
ओठ हलवतो फटीसारखे, काही येत नाही.
पेज कढत असते.
मी फुंकर घालत नाही.

मग घालतो.